सरीतलं माळवं, तालमीतला काटा

‘पिकतं तिथं विकत नाही’ ही म्हण कोल्हापूरच्या भाजीला तंतोतंत लागू पडते. शहराच्या चारी बाजूंना बारमाही पाणी आणि काळी जमीन, पण त्या जमिनीवर ऊस उभा आणि पेठेतल्या पिशवीत दुसऱ्या जिल्ह्यातली भाजी. गावातलं माळवं, म्हणजे भाजीपाला, गावात खपावं म्हणून धडपडणाऱ्या वाचकांचे या महिन्यात बरेच प्रश्न आले. त्यांतले सात निवडले आहेत.

प्रश्न : आमच्या गल्लीतली चाळीस कुटुंबं तालमीच्या हॉलमध्ये आठवड्यातून एकदा थेट शेतकऱ्याकडून भाजी घ्यायचं म्हणताहेत. मागं असाच प्रयत्न दीड महिन्यात बंद पडला. भाजी उरायची, शेतकरी नाराज व्हायचा. काय चुकलं? आणि याला परवाना लागतो का? (मंगळवार पेठ)

उत्तर : परवान्याचं आधी. राज्य सरकारनं २०१६ साली फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला. तेव्हापासून शेतकरी समितीच्या आवाराबाहेर थेट ग्राहकाला भाजी विकू शकतो. रस्त्यावर मांडणार असाल तर महापालिकेला विचारावं लागेल, म्हणून तालमीचा हॉलच बरा. काट्यावर वैधमापनाचा चालू शिक्का मात्र पाहिजेच.

आता चूक. तुम्ही बहुतेक ‘ज्याला जे हवं ते घ्या’ या पद्धतीनं चाललात. चाळीस घरांतली तीस घरं टोमॅटो आणि फ्लॉवर उचलतात, दोडका आणि मुळा तसाच राहतो, आणि राहिलेला माल कोणाचा यावर वाद होतो. यावर उपाय एकच, ठरलेली पिशवी. चार माणसांच्या घराला आठवड्याला पाच किलो धरा. दोन पेंढ्या पालेभाजी, तीन फळभाज्या पाऊण-पाऊण किलो, एक किलो टोमॅटो किंवा वांगी, एक किलो कांदा, वर आलं-मिरची-कढीपत्ता. आत काय असेल ते शेतकरी दोन दिवस आधी कळवील. नको असलेली एक भाजी हॉलमधल्या अदलाबदलीच्या टोपलीत टाकून दुसरी घ्यायची, एवढीच सूट. चाळीस पिशव्यांचे २०० किलो होतात. छोट्या टेम्पोची ती अर्धीसुद्धा खेप नाही, म्हणून भाडं परवडायला शेजारच्या पेठेतला आणखी एक गट त्याच दिवशी जोडून घ्या.

पैसे महिन्याचे आगाऊ घ्या. यात संकोच केला की उपक्रम बुडतो, कारण गावाला गेलेल्या चार घरांची भाजी शेतकऱ्याच्या अंगावर पडते. न नेलेली पिशवी रात्री साडेआठनंतर कोणाला द्यायची तेही पहिल्या बैठकीतच लिहून ठेवा.

भाव रोजच्या बाजाराला बांधू नका. समजा, भाडं, हमाली, तोलाई जाऊन शेतकऱ्याच्या हातात किलोला १८ रुपये पडतात आणि तीच भाजी तुम्ही मंडईत ४० ला घेता. मग २८ ठरवा आणि तीन महिने तोच ठेवा. मंडईत भाव पडला की काही सभासद कुरकुरतील, भाव चढला की शेतकऱ्याचा पाय बाजाराकडे वळेल. दोघांनी तीन महिने दम धरला तर चौथ्या महिन्यापासून सगळं सुरळीत चालतं.

शेताच्या बाजूची चूक याहून मोठी असते आणि ती शहरातल्यांच्या लक्षात येत नाही. तुमच्या ८० पेंढ्या पाव-पाव किलोच्या धरल्या तर २० किलो होतात. एक गुंठा मेथी बरी आली तर ७० ते ८० किलो देते. म्हणजे पाव गुंठा पुरतो. उगवण, पाऊस, कीड यांची तूट धरून अर्धा गुंठा पेरायचा, पण दर आठवड्याला. उत्साहाच्या भरात शेतकरी पाच गुंठे एकदम पेरतो, तिसाव्या दिवशी सगळी मेथी एकदम काढणीला येते आणि पुढचे तीन आठवडे तुमची पिशवी रिकामी. मेथी आणि पालक २५ ते ३० दिवस, कोथिंबीर ४० ते ४५, मुळा ४५, भेंडी आणि गवारीचा पहिला तोडा ४५ ते ५०, दुधी ५५ ते ६०. हे आकडे वहीत मांडून पेरणीची तारीख वाटपाच्या तारखेवरून मागं मोजत आणायची.

आणखी एक. भेंडी, काकडी, दोडका दिवसाआड तोडावा लागतो, नाहीतर जून होतो. आठवड्यातून एकच वाटप असेल तर तुम्ही फार तर दोन तोडे घेता, उरलेले कुठं जाणार? बुधवार आणि रविवार असे दोन वार ठेवा, नाहीतर शेतकऱ्याचा मंडईतला जुना गिऱ्हाईक तुटू देऊ नका. सगळा माल आम्हालाच दे, असा आग्रह धरणं हे प्रेमापोटी केलेलं नुकसान आहे.

पालेभाजी पहाटे काढून सावलीत, ओल्या गोणपाटाखाली आणावी. पाणी मारून प्लास्टिकमध्ये बांधली तर दुपारपर्यंत आतून तापून सडते. फळभाजीला २० किलोचे क्रेट. पोत्यातली वांगी आणि टोमॅटो खालच्या थरात दबतात.

जुलै-ऑगस्टात आपल्याकडच्या पावसात पालेभाजी टिकत नाही. त्या दोन महिन्यांच्या पिशवीत अळू, सुरण, दुधी, दोडका, मोडाची कडधान्यं, सांडगे असतील हे सभासदांना जूनमध्येच सांगून ठेवा.

प्रश्न : आमच्याकडं दोन एकर आहे, दोन्ही उसात. भाजीसाठी ऊस मोडणं परवडणार नाही. शहरातला गट खात्रीनं घ्यायला तयार आहे. मार्ग आहे का? (करवीर तालुका)

उत्तर : ऊस मोडू नका. लागणीनंतरचे पहिले तीन-साडेतीन महिने दोन सऱ्यांमधली जागा उन्हात मोकळी पडलेली असते, तिथं तण येतं आणि ते मारायला तुम्ही खर्च करता. तीच जागा माळव्याची. सरी साडेचार ते पाच फुटांची असली पाहिजे. तीन फुटी सरीत हा खटाटोप करू नये.

कोणतं पीक, हे लागणीच्या हंगामावर ठरतं. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, तेव्हा पावसात मेथी-कोथिंबीर कुजते. भुईमूग, सोयाबीन, चवळी घ्या किंवा ताग पेरून ४५ ते ५० दिवसांत फुलोऱ्यावर गाडा. पूर्वहंगामी, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरची लागण माळव्याला सगळ्यात सोयीची. कांदा, फ्लॉवर, कोबी, हरभरा, बटाटा, पालेभाज्या यांतलं जवळजवळ काहीही येतं. सुरूला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या लागणीला, मेथी, कोथिंबीर, भुईमूग. मका घेऊ नका, तो उसाच्या तोंडचं खत खातो आणि सावली धरतो. वेलवर्गीय पीकही नको, उसाच्या कोंबांवर चढतं.

आंतरपीक लागणीबरोबर किंवा आठवड्याच्या आत टाका. कांद्याची रोपं वरंब्याच्या दोन्ही बगलांना दहा-दहा सेंटीमीटरवर लावा. कोथिंबिरीचे धने रगडून दोन डाळी वेगळ्या करून पेरा, नाहीतर निम्मं बी वाया जातं. आंतरपिकाला त्याचं खत वेगळं द्या. उसाच्या मात्रेतच दोघांना भागवलं की फुटवे कमी पडतात आणि दोष भाजीवर येतो. उसाला माती चढवायच्या मोठ्या बांधणीच्या आधी, साधारण चार महिन्यांच्या आत, सरी मोकळी झालीच पाहिजे. पाच-दहा किलो फ्लॉवरच्या मोहापायी बांधणी लांबवू नका.

खरं संकट तणनाशकाचं. उसात लागणीनंतर लगेच अ‍ॅट्राझीन किंवा मेट्रीब्युझीन मारायची सवय आहे. ही औषधं रुंद पानांचं तण मारतात आणि मेथी, कोबी, हरभरा ही सगळी रुंद पानांचीच पिकं. जिथं माळवं घ्यायचं तिथं हे मारायचं नाही, दोन खुरपण्या धरायच्या. शेजाऱ्याच्या टू-फोर-डी या तणनाशकाचीही धास्ती ठेवा. वाऱ्यावर त्याचा फवारा आला की टोमॅटो आणि वांग्याचं पान अरुंद होऊन पिळवटतं, शेंडा वाकतो. शेतकरी त्याला व्हायरस समजून भलतीच औषधं मारत बसतो. टू-फोर-डीचा पंप भाजीला कधीही वापरू नये. कितीही धुतला तरी अंश राहतो. शेजाऱ्याशी आधी बोला आणि त्याच्या बाजूच्या चार सऱ्या भाजीविना ठेवा.

सुरुवात दहा गुंठ्यांनी करा. चाळीस घरांच्या पालेभाजीला तेवढी जागा पुरून उरते.

प्रश्न : शेतकरी सेंद्रिय म्हणतो, आम्ही विश्वास कसा ठेवायचा? नदीच्या पाण्यावरची भाजी खावी का? (राजारामपुरी)

उत्तर : प्रमाणपत्र नसताना पिशवीवर ‘सेंद्रिय’ छापू नका. ‘कोणतं औषध, कधी मारलं’ हे खरं लिहिलेलं आम्हाला जास्त मोलाचं वाटतं. तोडणीआधी किती दिवस फवारणी बंद हवी ते औषधाच्या लेबलावर असतं. शेतकऱ्याची फवारणीची वही आणि ते लेबल शेजारी शेजारी ठेवून बघा. पुढं जायचं असेल तर किमान पाच शेतकऱ्यांचा गट करून पीजीएस, म्हणजे सहभागी हमी पद्धतीनं एकमेकांच्या शेताची तपासणी करता येते. त्यात ग्राहकही शिवारात जाऊन बघू शकतात, आणि जावंच.

पाण्याचं म्हणाल तर पंचगंगा नदी एक असली तरी पाणी एक नाही. शहराच्या वरच्या, प्रयाग चिखलीच्या अंगाचं पाणी आणि शहराचं सांडपाणी आणणारा जयंती नाला मिळाल्यानंतरचं पाणी यांत फरक आहे. थेट नाल्यावर मोटर ठेवून काढलेली पालेभाजी, मुळा, कोथिंबीर घेऊ नका. धुण्यानं वरची घाण आणि काही जंतू जातात, पिकानं मुळातून शोषलेले जड धातू जात नाहीत. भाजीकडे बघून हे ओळखता येत नाही, त्यामुळं पाणी कुठलं हा प्रश्न शेतावर जाऊनच विचारायचा. महापुराचं पाणी चढून गेलेल्या रानात उभी राहिलेली पालेभाजी कितीही हिरवी दिसली तरी खाऊ नये, मोडून गाडावी.

प्रश्न : आमच्या २४ फ्लॅटच्या इमारतीनं ओल्या कचऱ्याचं खत करायला दोन ड्रम ठेवले. महिन्यात वास, अळ्या आणि भांडणं. बंद करायची वेळ आली आहे. (ताराबाई पार्क)

उत्तर : बंद करू नका, ड्रम बदला. घरटी सरासरी ७०० ग्रॅम धरले तर तुमचा रोजचा ओला कचरा १७ किलोच्या आसपास होतो. दोन ड्रममध्ये तो दोन आठवड्यांत काठोकाठ येतो आणि हवा जायला जागा उरत नाही. वास त्याचा आहे.

विटांत फटी ठेवून चार फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच असे तीन जाळीदार हौद बांधा. वर पत्रा, खाली मातीच, काँक्रीट नको. प्रत्येकात सुमारे हजार लिटर मावतं आणि कचरा खाली बसत जातो म्हणून एक हौद महिनाभर चालतो. एक भरतोय, दोन मुरताहेत, अशी पाळी ठेवायची.

तळाला सहा इंच काटक्या किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे. मग रोज एक बादली ओला कचरा आणि त्यावर दीड ते दोन बादल्या सुका पाला. बहुतेकांचं गणित इथंच चुकतं, सुक्या मालाचा साठा आधी केलेला नसतो. कोल्हापुरात त्याची वानवा नाही. शेतातलं पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला आहे, रसवंतीचं चिपाड आहे. चिपाड दोन-तीन दिवस उन्हात वाळवून आणि बोटभर तुकडे करून वापरा. ओलं टाकलं तर गोडीनं मुंग्या येतात. विरजण म्हणून आठवड्यातून एकदा घमेलंभर जुनं खत किंवा शेणकाला. विकतच्या पावडरीची गरज नाही.

मूठ दाबून बघायची. बोटं ओली व्हावीत, पण थेंब गळू नये. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आत खुपसलेली सळई हाताला चटका देईल इतकी तापली की काम बरोबर चाललंय. तापली नाही तर माल फार कोरडा आहे किंवा फार थोडा. नाकाला झोंबणारा, नवसागरासारखा वास आला तर ओलं जास्त झालंय, सुका पाला वाढवा. कुजका, गटाराचा वास आला तर हवा कोंडली आहे, दाताळ्यानं वरखाली करा. जाड करड्या अळ्या काळ्या सोल्जर माशीच्या असतात. त्या कचरा खातात, माणसाला काही करत नाहीत. चार बोटं सुक्या पाल्याचा थर वर राहिला की दिसतही नाहीत.

आता रविवारचा विषय, कारण बहुतेक इमारतींतलं भांडण तिथंच पेटतं. मटणाची हाडं आणि रश्श्याचा तवंग या हौदात नको. तेलानं कचऱ्यावर थर धरून हवा अडते, हाडांनी उंदीर आणि कुत्री येतात. ते वेगळ्या डब्यातून महापालिकेच्या ओल्या कचऱ्याच्या गाडीला द्या. अंड्याची टरफलं कुस्करून चालतील, लिंबाची सालं थोडी चालतील. निर्माल्यातली फुलं उत्तम, पण हारातला दोरा, जरी आणि थर्माकोल आधी निवडून काढा.

तीन महिन्यांत महिन्याच्या ५०० किलो कचऱ्याचं साधारण १०० किलो खत होतं. शेताला पाठवण्याआधी मूठभर खत ओलसर करून पिशवीत तीन दिवस बंद ठेवा. उघडल्यावर आंबूस वास आला तर ते कच्चं आहे, पिकाची मुळं करपवील. मातीचा वास आला की पोती भरा आणि भाजी घेऊन येणाऱ्या टेम्पोच्या परतीच्या खेपेला द्या.

प्रश्न : गावात तोडीनंतर पाचट पेटवतात, धुरानं पोरं खोकतात. थांबवायला सभा घेतल्या, उपयोग नाही. (पन्हाळा तालुका)

उत्तर : सभेपेक्षा एका फडात करून दाखवा. शेतकरी पाचट हौसेनं पेटवत नाही. उंदीर होतात, खत टाकता येत नाही, पाणी पुढं सरकत नाही, ही त्याची कारणं आहेत आणि त्यांची उत्तरं दिल्याशिवाय तो ऐकणार नाही.

हेक्टरी आठ ते दहा टन, म्हणजे एकरी तीन-चार टन पाचट निघतं. त्यात अर्धा टक्का नत्र आणि एक टक्क्याच्या आसपास पालाश असतं. पेटवलं की नत्र आणि सेंद्रिय कर्ब हवेत जातो. खोडव्याला, म्हणजे तोडीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्यानं छाटा, पाचट सऱ्यांत सारखं पसरा आणि बुडख्यांवर आलेलं बाजूला ओढा. ते तिथं राहिलं तर कोंब दबतात. मग टनामागं आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू. चार टनांना ३२ किलो, ४० किलो आणि ४ किलो. जिवाणू शेणखतात मिसळून टाका आणि लगेच पाणी द्या, कोरड्यावर काहीच होत नाही. युरिया वगळला तर पाचट कुजताना जमिनीतलं नत्र ओढून घेतं आणि खोडवा पिवळा पडतो. ‘पाचटानं ऊस पिवळा पडला’ ही तक्रार बहुतेक वेळा यातूनच येते. पुढची खतं पहारीनं बुडख्यापासून चार-सहा इंचांवर भोकं पाडून द्यायची. पहिलं पाणी सावकाश चढतं हे खरं, पण उन्हाळ्यात ओल टिकून पाळी लांबते. पाणथळ रानात मात्र सगळं पाचट ठेवू नका, निम्मं बाहेर काढून शहरातल्या खताच्या हौदांना द्या.

प्रश्न : शाळेत गावरान बियांची पेढी करतोय. दुधी आणि दोडक्याच्या पुढच्या पिढीत भलतीच फळं आली. (आजरा तालुका)

उत्तर : बी हायब्रीड असेल तर असंच होणार. गावरान असूनही झालं असेल तर जवळच्या दुसऱ्या वाणाचं परागीकरण झालंय. वेलवर्गीयांत दोन वाणांमध्ये किमान अर्धा किलोमीटर अंतर लागतं, शाळेला ते जमणार नाही. म्हणून हातानं परागीकरण करा. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, काकडी, कारलं आणि लाल भोपळ्याची सकाळी. उमलायच्या आधी नर आणि मादी दोन्ही कळ्या दोऱ्यानं बांधायच्या, उमलायच्या वेळी नर फूल तोडून त्याची भुकटी मादीच्या मध्यावर फिरवायची, मादी फूल पुन्हा बांधायचं आणि देठाला रंगीत चिंधी. चिंधीचं फळ कोणीही खायचं नाही. वेलावरच वाळू द्यायचं, आत बी खुळखुळलं की काढायचं. निदान पाच-सहा वेलांचं बी एकत्र ठेवा. बी सावलीत वाळवून, चाळलेली कोरडी राख मिसळून घट्ट झाकणाच्या बरणीत, वर वाण आणि वर्ष लिहून ठेवा. पुढच्या मे महिन्यात दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उगवण बघा. सातपेक्षा कमी उगवल्या तर पेरताना बी वाढवा.

आजऱ्यात आहात, तर घनसाळ भात पेढीत असायलाच हवा. भाताचं बहुतांश परागीकरण फुलातल्या फुलातच होतं, त्यामुळं तो मुलांच्या हाताला सोपा. भेसळीच्या लोंब्या काढणीआधी उपटल्या की झालं.

प्रश्न : ऑगस्टमध्ये गल्लीत रानभाज्यांचा बाजार भरवायचा आहे. काळजी काय घ्यावी? (उत्तरेश्वर पेठ)

उत्तर : ज्या बायका ती भाजी स्वतःच्या घरी खातात त्यांनाच विकायला बोलवा. प्रत्येक भाजीचं मुळासकट एक झाड टेबलावर ठेवा, नुसत्या पानांवरून नवख्याची फसगत होते. टाकळा आणि कुर्डू फुलावर यायच्या आधीचाच. भारंगी उकडून पाणी पिळून टाकायचं, अळवाला चिंच किंवा आमसूल, हे पाटीवर ठळक लिहा. रानातली अळंबी विकायला ठेवू नका. विषारी जाती सारख्याच दिसतात आणि शिजवल्यानं विष जात नाही. उसाच्या बांधावरची भाजी घेऊच नका, बांधावर तणनाशक मारलेलं असतं आणि फवारणीनंतर पहिले काही दिवस पान हिरवंच दिसतं.